तात्पर्याची पट्टी आणि घाडीकाका

दत्ताराम घाडी चित्रांचे पुस्तक मुलांकडे तोंड करून छातीशी धरीत आणि वरून वाकून, उलट्या दिसणाऱ्या ओळी अस्खलित वाचीत. गिरगावातील छापखान्यात एकतीस वर्षे उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवलेल्या या गृहस्थांना त्यात काहीच अवघड वाटत नसे. त्यामुळे वाचन चालू असता चित्र मुलांच्या दृष्टीपुढून क्षणभरही ढळत नसे. वाकोल्याची चाळ सुटून ते मुलाच्या मुलुंडमधील फ्लॅटमध्ये आले, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. लिफ्टमध्ये त्यांच्याशी कोणी बोलत नसे. रविवारी दहा ते अकरा मात्र सोसायटीच्या बालवाचनालयात वीस-बावीस मुले त्यांची वाट पाहत. त्या इमारतीत त्यांचे म्हणून जे काही होते ते या एका तासात होते.

तो तास उत्तराबाईंच्या मर्जीचा होता, आणि त्या तसे जाणवून देत. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. बालवाचनालय त्यांनी स्थापिले, कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच. ज्या पुस्तकाला तात्पर्य नसे, त्याच्या अखेरच्या पानावर त्या स्वतः तात्पर्याची पट्टी चिकटवीत.

मुलांचे सर्वांत लाडके पुस्तक एका म्हशीचे होते. ती डबक्यात बसते. गुराखी विनवतो, मास्तर दटावतात, सरपंच हुकूम सोडतात; ती हलत नाही. दिवस मावळल्यावर, कोणीही बोलावीत नसता, आपली आपण उठून घरी जाते. अखेरच्या पानावर एकही शब्द नव्हता. केवळ वाट, चिखलाचे ठसे आणि तिच्या पाठीवर एक बगळा. एका रविवारी घाडींनी ते पान उघडले, तर बगळ्याच्या जागी पट्टी होती : ‘मोठ्यांचे सांगणे तत्काळ ऐकावे.’

त्यांनी पुस्तक मिटले.

“शेवटचं राहिलं, घाडी,” उत्तराबाई दारातून म्हणाल्या.

“शेवट झाला, बाई. म्हस घरी गेली.”

“पट्टीवर लिहिलंय ते वाचा.”

“ते छापलेलं नाय. चिकटवलेलं आहे.”

“छापखान्यात मजकूर बदलायचा अधिकार होता का तुम्हाला?”

“नव्हता. म्हणून तर सांगतो, तुम्हाला पण नाय.”

एक मूल खुदकन हसले. ते हसू उत्तराबाईंनी विसरायचे नाही असे ठरवले.

पुढच्या रविवारी कपाट उघडण्यापूर्वी त्यांनी सर्वांसमक्ष विचारले, “आज तात्पर्य वाचणार ना? नाहीतर या तासाला दुसरं कोणी बघते मी. सोसायटीत शिकलेली माणसं पुष्कळ आहेत.”

घाडींनी होकारार्थी मान हलवली. आज ते खरोखर वाचणार होते. तास गमावण्याची त्यांची तयारी नव्हती.

म्हैस उठली, वाटेला लागली. अखेरचे पान आले. घाडींनी ओठ उघडले, इतक्यात पाच वर्षांची ऋतिका पुढे सरकून म्हणाली, “काका, बगळा कुठे गेला?”

“पट्टीखाली आहे.”

“मग काढा ना.”

“वाचा, घाडी,” उत्तराबाई म्हणाल्या.

केसासारखा बारीक खिळा ज्या बोटांनी चिमट्यावाचून उचलला, त्या बोटांवर घाडींचा अढळ विश्वास होता. त्यांनी पट्टीच्या कोपऱ्याखाली नख घातले आणि हलक्या हाताने, एका सरळ ओढीत, पट्टी उचलली. डिंक जुना, सुटा झालेला नव्हता. पानाचा कागद गुळगुळीत, नव्या पद्धतीचा होता. पट्टीबरोबर त्याचा वरचा पापुद्राही निघाला. बगळा पट्टीच्या पाठीला चिकटून वर आला. म्हशीच्या पाठीवर पांढरा, खरखरीत चट्टा तेवढा उरला.

 मग मागून कोणीतरी म्हणाले, “काकांनी फाडलं.” ऋतिका मागे सरकली. ज्या डोळ्यांसाठी त्यांनी इतके महिने पुस्तक धरले होते, ते सारे डोळे आता त्यांच्याकडे वळले होते.

उत्तराबाईंनी पुस्तक त्यांच्या हातून काढून घेतले आणि ते पान मुलांपुढे धरले.

“पाहिलंत? सांगितलेलं न ऐकलं की असं होतं.” मग घाडींकडे न पाहताच, “या आता तुम्ही.”

 घाडी चपला पायांत सरकवून जिन्याने वर गेले.

त्याच दुपारी उत्तराबाईंनी नवी पट्टी लिहिली आणि त्या चट्ट्यावर काटेकोर चिकटवली. ती नेमकी बसली. झाकले जावे असे काही तिथे आता उरलेच नव्हते.