झोपेत उतरणारी बॅटरी

आष्टीच्या आसपासच्या वस्त्यांवर जाऊन मेंढ्यांच्या लसीकरणाच्या नोंदी ठेवायच्या, हे माझं काम. जनावरांचे डॉक्टर लस टोचायचे आणि मी मेंढीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर लॅपटॉपवरच्या यादीत घालायची. लॅपटॉप कुणीतरी वापरून सोडलेला. रडतखडत चालायचा, म्हणून मी त्यावर जुन्या मशीनवरही हलकं चालणारं लिनक्स टाकलं होतं. तेही वाचून वाचून, दोनदा सगळं पुसून गेल्यावर.

सकाळी घरून निघताना मी तो हायबरनेट करायची. म्हणजे उघडं असलेलं काम मशीन डिस्कवर लिहून ठेवतं आणि बंद होतं. पुन्हा सुरू केलं की यादी जिथे सोडली तिथेच उघडते. अशा झोपेत त्याला वीज लागायला नको. तरी घरी नव्वदच्या वर असलेली बॅटरी दुपारी वस्तीवर पोचेपर्यंत साठावर यायची. चाललंय तोवर चाललंय, म्हणून मी तिकडे काणाडोळा केला.

मग एका दुपारी माळावर एक म्हातारी मेंढ्या घेऊन आली. मागच्या खेपेला तिच्या निम्म्याच मेंढ्यांना टोचून झालं होतं आणि लस संपली होती. त्या दिवशी ती नारायणगडाला दर्शनाला गेलेली. मेंढ्या धरायला जावई होता, आणि तो आता आपल्या गावी परतला होता. कोणत्या मेंढ्या राहिल्या ते फक्त माझ्या यादीत होतं. आदल्या रात्री वीज नव्हती, म्हणून लॅपटॉप तीस-पस्तीस टक्क्यांवरच झोपवून आणला होता. मी बटण दाबलं. लाल दिवा दोन-तीनदा लुकलुकला आणि विझला.

"कावून गं, काय झालं?" तिनं विचारलं.

"बॅटरी उतरली, आजी. झोपवून आणलं होतं, तरी उतरली."

"झोपल्यालं मशीन खातंय व्हय?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, यात गाभण मेंढ्या हायेत. अंदाजानं न्हाई टोचता येत." म्हातारी मला एक शब्द लावून बोलली नाही. तिनं मेंढ्या वळवल्या आणि आली तशी उन्हात चालू लागली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

परतताना गाडीवर डॉक्टर म्हणाले, "ताई, बॅटरी म्हातारी झाली. नवी टाका, न्हाईतर सरळ बंद करून आणत जा."

दोन्ही सल्ले बरोबरच होते. पण पूर्ण बंद केलेलं मशीन सुरू होऊन यादी उघडेपर्यंत लई वेळ जायचा, आणि तोवर माणसं मेंढ्यांच्या माना धरून ताटकळायची. शिवाय बॅटरी म्हातारी असेल तर ती कशीही ठेवली तरी उतरायला हवी. एवढं तरी मला तपासायचं होतं.

रविवारी सकाळी नऊला लॅपटॉप पूर्ण बंद केला आणि तीनला उघडला. एकच टक्का गेला होता. सोमवारपासून काही दिवस सुट्टी काढली. पहिल्या दिवशी तेच तास, पण हायबरनेट करून. एकतीस टक्के गायब! म्हणजे बॅटरीचा दोष नव्हता. मी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि खाली रेघ मारली.

मंगळवारी सासूबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. लॅपटॉप मी नुकताच झोपवून बाजूला ठेवला होता. त्या एकदम म्हणाल्या, "अगं, ह्याचा दिवा कावून जळतोय?"

लॅपटॉपला जोडलेला माऊस उलटा पडला होता आणि त्याच्या पोटाखालचा लाल दिवा पेटलेला होता. मशीन झोपलेलं, तरी माऊसला वीज जात होती. मी मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरले. मशीन झोपलेलं असतानाही त्यावर फोन चार्ज करता यावा, अशी एक सोय तिथे चालू होती. ती काढली. माऊसचा दिवा विझला. मी सासूबाईंना चहा करून दिला आणि मनातल्या मनात जिंकले.

दुसऱ्या दिवशी मोजलं तर अठरा टक्के गेलेच होते.

तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं. नवी बॅटरी आणून मोकळं व्हावं, असं वाटलं. पण एकतीसचे अठरा झाले होते, म्हणजे उरलेलेही कुठेतरी सापडणारच. मी पुन्हा वाचायला बसले. कळलं ते असं, की काम लिहून झाल्यावर लिनक्स दोन प्रकारे बंद होऊ शकतं. एकात ते शेवटचं काम मशीनच्या आतल्या मुख्य बोर्डावर सोपवतं, आणि बोर्ड काही भाग अर्धवट जागे ठेवू शकतो. दुसऱ्यात ते नेहमीसारखं सरळ बंद होतं. माझ्या मशीनवर पहिला प्रकार चालू होता. एका फाइलमधली एक ओळ बदलायची होती.

बदलली. तरी काही फरक नाही. आणखी एक दिवस वाया गेल्यावर दिसलं, की ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह मी काढलंच नव्हतं, त्यामुळे मशीन ती ओळ वाचतच नव्हतं. ते चिन्ह खोडलं. नऊला चौऱ्याण्णव, तीनला त्र्याण्णव. सलग तीन दिवस तसंच मोजलं, मगच डॉक्टरांना फोन केला.

म्हातारीचा कळप तोवर दोन गावं पुढे सरकला होता. विचारत विचारत आम्ही पोचलो तेव्हा तिनं मेंढ्या बाभळीखाली बसवल्या होत्या. मी लॅपटॉप उघडला. यादी समोर आली, बॅटरी त्र्याण्णव. डॉक्टरांनी वाकून आकडा पाहिला आणि लसीचा डबा उघडला.

म्हातारी एकेक मेंढी ओढून आणायची, कान माझ्यापुढे धरायची. "ही?"

"झाली, आजी. सोडा."

"आन् ही काळ्या तोंडाची?"

"हिची राहिली."

डॉक्टर टोचायचे, मी नंबर घालायची. सोडलेल्या मेंढ्या उठून बांधाकडे चरायला गेल्या, आणि म्हातारी पुढचीचा कान धरून उभी राहिली.