बुधवारची होड्यांची शर्यत

आमच्या ह्यांचं ते चित्र फार लाडकं. जुन्या व्हेनिसचं, सणातल्या होड्यांच्या शर्यतीचं. कालव्यात होड्या सुटल्यात, दोन्हीकडच्या सज्जांवरून गालिचे सोडलेत, बायका वाकून बघतायत, आणि डाव्या अंगाला बक्षिसं द्यायला उभारलेलं रंगीबेरंगी काहीतरी. मी त्याला गणपतीचं मखर म्हणते. हे इथल्या, लीड्सच्या, हॉस्पिटलातून रिटायर झाले तेव्हापासून दर बुधवारी आम्ही इथल्या आर्ट गॅलरीत जाऊन त्या चित्रासमोरच्या बाकावर बसायचो. तिकीट नसतं, आणि हीटिंग चांगलं असतं हो.

मग ह्यांची नजर गेली. अगदी काळोख नाही, कडेकडेचं थोडं दिसतं, पण बघावं तिथेच राखाडी डाग. क्लिनिकमध्ये म्हणाले, आता इंजेक्शनांचा उपयोग नाही. तेव्हापासून मी चित्र बोलून दाखवायला लागले. मला मेलीला चित्रातलं काय कळतंय, चुका व्हायच्याच. हे लगेच म्हणायचे, अगं, होडी हिरवी नाही, वल्हवणारा हिरव्या कपड्यांतला आहे. मला चूक दाखवताना ह्यांचा चेहरा खुलायचा. ते बघून मी मुद्दाम चुकायला लागले. कारण दिवसभरात तेवढंच बोलायचे. एडिनबराहून मुलाचा फोन आला तरी, तूच बोल म्हणायचे.

गेल्या बुधवारी मी हद्दच केली. मखर उजवीकडे नेलं, आकाश ढगाळ करून टाकलं, गालिचे तर काढूनच घेतले. मी म्हटलं, "अहो, मखर उजवीकडेच आहे ना?"

"असेल."

अख्ख्या संसारात ह्या माणसाने माझं काही 'असेल' म्हणून सोडलेलं नाही. आमटीतलं मीठसुद्धा नाही. मी उगाच हसून म्हटलं, विसरलात वाटतं.

"विसरलो नाही गं. डावीकडे आहे ते. पण आता कुठे का असेना."

रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. आवाज अगदी साधा होता, बसची वेळ सांगावी तसा. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही, धरलाही नाही. समोर एवढा सण चाललेला, एवढी माणसं, आणि मी आमच्या दोन हातांकडे बघत बसले.

या बुधवारी मी हुकावरून त्यांचा कोट काढला, तर म्हणाले, तू जाऊन ये. मी एकटी जाऊन कुणाला काय सांगू? कोट परत हुकाला लावला आणि चहा टाकला.