थांबणारा ऑर्केस्ट्रा

आमच्या चिखलीच्या ऑर्केस्ट्रात मी गायचे. तेव्हा ज्यांनी मला ऐकलं, ते अजूनही बाजारात भेटले की म्हणतात, "बाई, काय दम होता तुमच्या गाण्यात!" मी हसते आणि वांग्यांचा विषय काढते. गळा बरा होता, नाही म्हणत नाही. दम मात्र कधीच नव्हता. मला लहानपणापासून दमा आहे. आमचा भाजीपाल्याचा मळा गावाला लागून, आणि मळ्याच्या बांधापलीकडे कापसाची सरकी काढणारी जिनिंग. हंगामात मेथीच्या पानांवरसुद्धा कापसाची धूळ बसायची, मग माझ्या छातीत काय बसत असेल ते सांगायला नको. शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं होतं, "एवढ्या श्वासावर भुलाबाईची गाणी म्हण. त्याच्या पुढं जाऊ नको."

मी हट्टी. पुढं गेलेच. वडिलांनी अडवलं नाही. ते म्हणायचे, "बाजारात भाजी विकताना गावभर ऐकू जाईल असं वरडते, मंग गायाले काय होते?" महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, ऑर्केस्ट्रे गावोगावी निघत होते, पण त्यात गाणारी मुलगी मिळणं अवघड होतं. त्यामुळे माझी परीक्षाबिरीक्षा कुणी घेतली नाही.

ऑर्केस्ट्रा मास्तरांचा. ते अकॉर्डियन वाजवायचे, पोरांना पेटी शिकवायचे, म्हणून मास्तर. कापडाच्या एका दुकानामागच्या खोलीत दर रविवारी तालीम व्हायची. मास्तरांचा एकच ध्यास होता: गाणं रेकॉर्डप्रमाणे झालं पाहिजे. ते आधी तबकडी लावायचे, मग आम्ही वाजवायचं, मग पुन्हा तबकडी. माझी त्यात फार ओढाताण व्हायची. रेकॉर्डवरची बाई एका दमात जी ओळ म्हणायची, तिला मला दोन श्वास लागायचे. दुसरा श्वास घ्यायला जागाच नसायची. मग मी शेवटचे दोन शब्द अकॉर्डियनखाली दडपायचे आणि लोकांकडं पाहून गोड हसायचे. अर्धी ओळ गळ्यानं, अर्धी हसण्यानं. दम्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं त्याच दिवशी माझं गाणं संपलं असतं.

मग आमचा ड्रम वाजवणारा लग्न करून सासऱ्याच्या दुकानात बसायला निघून गेला. ड्रमसेटला तेव्हा सगळे 'जाझ' म्हणत. तो जाझ महिनाभर कोपऱ्यात पडून होता. एका रविवारी साखरखेर्ड्याकडचा एक शेतकरी खोलीच्या दारात उभा राहून आमचं गाणं ऐकत होता. तिशीचा असेल, डोक्याला उपरणं, हातात खताची रिकामी पोती. मास्तर वैतागलेले होतेच. म्हणाले, "पाहून काय राह्यले? येते का वाजवता?" तो म्हणाला, "डबा येते." सगळे हसले. तो आत आला, चप्पल बाहेर काढून, देवळात शिरावं तसा, आणि जाझवर बसला.

त्याला मी पुढं दादा म्हणू लागले. दादांना ताल, मात्रा, काही शिकवलेलं नव्हतं. ठेका बरोबर धरायचे, पण ओळीच्या मधेच अचानक हात वर उचलायचे आणि काहीच वाजवायचे नाहीत. खोली एकदम रिकामी व्हायची. आणि मग झांज आणि पायाचा मोठा ड्रम असे एकत्र पडायचे की भिंतीवरची पाल जागा सोडायची. मास्तर ओरडले, "ठेका सांडला!" दादा म्हणाले, "सांडला नाई, थांबलो." मला मात्र त्या रिकाम्या जागेत आयताच श्वास मिळाला. मी पूर्ण ओळ म्हटली, शेवटच्या शब्दासकट. गायला लागल्यापासून पहिल्यांदा.

मास्तरांनी दोन महिने ती खोड मोडायचा प्रयत्न केला. मोडली नाही. आणि मग कार्यक्रमात पाहतात तर लोकांना तेच आवडायला लागलं. दादांचा हात वर गेला की मंडपात कुणी बोलत नसे, आणि पुढचा ठोका पडला की एकच आरोळी. बाकीचे ऑर्केस्ट्रे रेकॉर्डप्रमाणे वाजवत, त्यात कोण कुठला ते कळत नसे. आमचा लांबून ओळखू यायचा. लोक म्हणत, "थो थांबणारा ऑर्केस्ट्रा आणा." मास्तरांना ते नाव बोचायचं, पण बोलावणी वाढली तसं ते गप्प बसले. मला वाटायचं, दादांचं अडाणीपण आणि माझं नशीब यांची गाठ पडली आहे. इतकाच विचार केला होता मी, दोन वर्षं.

तिसऱ्या वर्षी नवरात्रात खामगावचं मोठं बोलावणं आलं. दादा म्हणाले, जमणार नाही. त्यांनी त्या साली हायब्रीड ज्वारी पेरली होती. ती नवीनच आली होती, आजूबाजूच्या गावरान ज्वारीआधी भरायची, आणि तालुक्यातली सगळी पाखरं तिच्यावर उतरायची. दिवसभर राखण केल्याशिवाय कणसाला दाणा राहिला नसता. मास्तरांना आतून आनंदच झाला असावा. त्यांनी अकोल्याहून एक शिकलेला जाझवाला बोलावला. संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. त्या माणसाचं काही चुकलं नाही. रेकॉर्डप्रमाणे वाजवलं, कुठं खंड नाही. पहिलं गाणं मी कसंबसं ओढलं. दुसऱ्याच्या पहिल्या कडव्यात माझा आवाज बंद झाला. तोंड हलत होतं, आवाज नाही. लोक ओरडले, "माईक गेला, माईक गेला!" माईकवाला बिचारा तारा हलवत धावत आला. माईक ठणठणीत होता. मी खाली उतरले आणि मंडपामागं खांबाला धरून बसले. छातीतली शिट्टी आता सगळ्यांना ऐकू येत होती.

मास्तर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "आंधी सांगाले पाहिजे होतं तुमी," एवढंच म्हणाले. चार दिवसांनी निरोप आला: दिवाळीच्या कार्यक्रमाला मेहकरची एक शिक्षिका गाणार आहे, तब्येतीला जपा, आणि रविवारी गाण्यांची वही घेऊन या, त्यांना शब्द सांगायला.

त्याच आठवड्यात वडील कांद्याचं बी आणायला साखरखेर्ड्याला निघाले. मीही एसटीत बसले. वाटेत दादांचं शेत होतं, तिथंच आम्ही उतरलो. ते ज्वारीच्या मधोमध लाकडी माळ्यावर उभे होते, हातात तेलाचा रिकामा डबा. चार ठोके वाजवले, थांबले, मान कलती करून ऐकत राहिले. मग एका बाजूला वळून असा एक ठोका दिला की तिकडून चिमण्यांचा थवाच्या थवा उठला. मी बांधावर उभी राहून पाहत होते. मला पाहून ते खाली उतरले.

"सारखं वाजवलं तं पाखरायले सवय होते," ते म्हणाले. "अन् मलेबी ऐकू येत नाई ना, थे कुठं बसून राह्यले. थांबाच लागते."

मी खामगावचं सगळं सांगितलं. दम्याचंही सांगितलं. दादा जमिनीकडं पाहत म्हणाले, "माईत हाय मले."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. मी थांबलो तं तुमची धाप ऐकू आली. मंग ध्यानात ठेवलं, कोणत्या गाण्यात कुठं दम सरते. तिथंच थांबत गेलो."

मला आधी रागच आला. दोन वर्षं मी ज्याच्यापासून लपवत होते, तो माणूस माझ्या पाठीमागं बसून माझा एकेक श्वास मोजत होता! "मंग बोलले काऊन नाई?" मी तावातावानं विचारलं.

"बोलून काय केलं असतं, ताई? कोणाच्या कानावर गेलं असतं तं तुमाले काढलं असतं."

मी तिथंच बांधावर बसून रडले. वडील लांब उभे होते, त्यांना वाटलं मला धाप लागली, ते पाण्याचा तांब्या घेऊन पळत आले. दादा पुन्हा माळ्यावर चढले, कारण पाखरं कुणाच्या रडण्याला थांबत नाहीत.

रविवारी मी वही घेऊन तालमीला गेले. ज्वारी खुडून झाली होती, म्हणून दादाही आले होते. नव्या बाई सुस्वभावी आणि गळा माझ्याहून तयार. मी बाकावर बसले आणि त्यांचं वाईट व्हावं असं मनोमन म्हणत राहिले, हे आता कबूल करते. गाणं सुरू झालं. बाई एका दमात सुरेख ओळ म्हणायला निघाल्या आणि मधेच दादांचे हात वर गेले. बाई एकट्याच पुढं, ठेका मागं. त्या अडखळल्या. मास्तर म्हणाले, "थांबू नका." दादा म्हणाले, "हाव." पुन्हा सुरू, आणि पुन्हा त्याच शब्दावर हात वर. पाच वेळा झालं. दादांच्या कपाळावर घाम होता. मुद्दाम करत नव्हते ते, त्यांना खरोखर जमत नव्हतं. सहाव्यांदा मास्तरांनी थांबे तसेच ठेवून बाईंना सांभाळून घ्यायला सांगितलं. बाई थांबल्या, पण त्यांच्या थांबण्याला काही अर्थ येईना. नुसती भोकं पडल्यासारखं वाटत होतं.

मास्तरांनी अकॉर्डियन खाली ठेवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमी म्हना." मी उठले. तीच ओळ, तोच शब्द, दादांचे हात वर. मी श्वास घेतला, सगळ्यांसमोर, शिट्टीसकट. ठोका पडला आणि उरलेली ओळ मी म्हटली. नव्या बाईंनीच आधी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी माझ्या हातातून वही घेतली आणि त्या शब्दापुढं लाल पेन्सिलीनं फुली मारली. मग पुढच्या गाण्यात, त्याच्या पुढच्या गाण्यात, माझा दम कुठं सरतो ते मला विचारून विचारून. दिवाळीला मी गायले.

पुढं अकोल्याकडचे ऑर्केस्ट्रे आमची ढब उचलू लागले. एकदा शेगावला मी दादांसोबत एक कार्यक्रम ऐकायला गेले होते. गाणारी मुलगी विशीची, धडधाकट, छाती भात्यासारखी. आमचंच गाणं, आणि बरोबर त्या शब्दावर जाझ थांबला, मुलगीही थांबली. तिला थांबायची काही गरज नव्हती. मी दादांकडं पाहिलं. ते माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "घ्या ताई, दम घ्या." आणि मी, समोर नुसती ऐकायला बसलेली असूनही, घेतला.