भिंगरीबाई आणि ग्लुकोजची बाटली

भिंगरीबाईंना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्यानं, भाकरी येरझाऱ्या घालत. वॉर्डाचं रजिस्टरसुद्धा त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानंच लिहायच्या. हे नाव रोग्यांनीच पाडलं होतं आणि बाईंना ते ठाऊक होतं. एकदा मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाल्या, "राहू द्या डाक्टर. मानूस बसला की त्याची नजरबी बसते."

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी साताऱ्याकडचा, नुकताच डॉक्टर झालेला, आणि पहिली नेमणूक वाशीम भागातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात. क्षयरोग्यांच्या वॉर्डात बारा खाटा आणि एक नर्स, त्या म्हणजे भिंगरीबाई. वय पन्नाशीच्या आसपास, काटक बांधा. त्यांच्या चपलांचा आवाज दिवसभर चालू असे. सुरुवातीला मला त्याचा त्रास व्हायचा. पुढे पुढे तो थांबला की जास्त त्रास व्हायला लागला, कारण थांबला म्हणजे कुठल्या तरी खाटेशी काहीतरी बिनसलं आहे.

रोज सकाळी त्या प्रत्येक रोग्याला वार विचारायच्या. आज कोणता वार, काल काय जेवले, सोबत कोण आहे? मला तो पोरखेळ वाटे. ताप, नाडी, बेडका हे सगळं तपासून झाल्यावर वार कशाला? एकदा विचारलं, तर त्यांनी सांगितलं की आजार छातीतून आधी बोलण्यात येतो, कागदावर मागून. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

त्या काळी बाटलीचा फार दरारा होता. काचेची ग्लुकोजची बाटली टांगली की नातेवाइकांना वाटायचं, आता इलाज सुरू झाला. नाही टांगली तर डॉक्टर लक्ष देत नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटे. अन्न जात नाही, अशक्तपणा आहे, लाव बाटली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन.

गावाच्या वेशीलगत वांगी-मेथी लावणारा एक मळेकरी असाच दाखल झाला. छातीचा क्षय, उलट्या, अंगात त्राण नाही. पण बोलायला पक्का. आपला मळा, आपले वाफे, बायको एकटी पाणी कसं देत असेल, हीच चिंता. बाईंनी वार विचारला की बाजाराच्या हिशेबानं झटकन सांगायचा. मी बाटल्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं वार चुकवला. चौथ्या दिवशी बायकोला 'माय' म्हणून हाक मारली.

बायको घाबरली. बाधा झाली म्हणून त्याला घरी न्यायच्या गोष्टी करू लागली. मी तिला समजावलं की क्षय मेंदूत चढलेला दिसतो, नागपूरला न्यावं लागेल. पाचव्या दिवशी सकाळी वॉर्डात गेलो तर त्याची बाटली बंद.

"मी बंद केली," बाई म्हणाल्या. "आला तवा हा मानूस नीट बोलत होता. औषध तेच हाये, जेवन तेच हाये. बाटल्या तेवढ्या वाढल्या. नागपूरले शिकतानी हगवणीच्या वॉर्डात म्या पाह्यलं हाये, नुसतं बिनमिठाचं पानी भरलं की मानूस भरमते. याच्या रक्तातलं मीठ पाहून घ्या."

सगळ्या वॉर्डासमोर मी त्यांना झापलं. डॉक्टर कोण, असं विचारलं. आणि माझ्या हातानं बाटली पुन्हा सुरू केली. बाई त्याच्या खाटेभोवती फिरत राहिल्या.

दुपारी त्याला आकडी आली. मी पोचलो तेव्हा बाईंनी त्याला कुशीवर वळवलं होतं. बाटलीला हात न लावता त्या माझ्याकडे बघत होत्या. या वेळी मीच बंद केली.

मी रक्त काढलं. ते साकळल्यावर वरचं पाणी नळीत घेतलं. ही तपासणी आमच्याकडे नव्हती, अकोल्याला होती. बाईंनी ती नळी कापसात गुंडाळून थर्मासात ठेवली आणि सुट्टी टाकून स्वतः गाडीनं गेल्या. दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हत्या. इकडे मी ग्लुकोज थांबवलं, पाणी मोजून द्यायला लागलो आणि मिठाचं सलाईन अगदी हळू सोडलं. रिपोर्ट आला. रक्तातलं मीठ इतकं खाली गेलं होतं की तो जिवंत कसा, याचंच नवल वाटावं. थोडं आजारानं उतरवलं होतं. बाकीचं मी.

चार दिवसांनी त्यानं बायकोला नावानं हाक मारली आणि वाफ्यांना पाणी दिलं का, म्हणून विचारलं. ती माऊली हसता हसता रडायला लागली. मला मात्र तिथं उभं राहवेना. मी बाहेर आलो. मागोमाग बाई आल्या आणि हळूच म्हणाल्या, "केनवडच्या म्हातारीलेबी असंच झालतं."

ती म्हातारी महिन्यापूर्वी आमच्याच वॉर्डात गेली होती. मी कागदावर 'मेंदूचा क्षय' लिहून मोकळा झालो होतो. आम्ही दोघांनी तिचे कागद काढले. बाटल्या मोजल्या. बाई म्हणाल्या, "तवा मले संशय आला होता. पन म्या तोंड उघडलं नाही." पुढचे कित्येक दिवस त्या वॉर्डात जास्तच फिरत होत्या आणि मीही.

पावसाळ्याआधी त्यांच्या बदलीचा हुकूम आला, पोहरादेवीच्या बाजूला. निघण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मला सांगितलं की केनवडला जाऊन यायचं आहे आणि तुम्हीही चला. मी टाळाटाळ केली. नोकरी जाईल, लोक मारतील, खात्रीनं सांगता तरी कुठं येतं? त्यांनी ऐकून घेतलं आणि एसटीची वेळ सांगितली.

म्हातारीची मुलगी अंगणात तुरी पाखडत होती. बाईंनी बोलायला सुरुवात केली, पण मी त्यांना थांबवलं. मीच सांगितलं. बाटलीनं रक्तातलं मीठ उतरलं असावं, त्यानं भ्रम झाला असावा, कदाचित जीवही त्यानंच गेला. खात्री नाही, पण मला तसं वाटतं आणि चूक माझी आहे.

तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे शेवटी तिनं मले ओळखलं नाही, ते बाटलीनं?"

मी हो म्हणालो.

"तिले दवाखान्यात यायचंच नव्हतं. म्याच आनलं जबरदस्तीनं. मले पाहून तोंड फिरवलं तिनं." तिनं पदरानं डोळे पुसले. "मी समजत होती, माही माय माह्यावर रागावून गेली."

भिंगरीबाई तिच्याजवळ गेल्या, जमिनीवर बसल्या आणि तिला कुशीत घेतलं. आमची एसटी चुकली.