तूर कुठल्या शेतातली?

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास अकोल्यातील डाळमिल मालक रफिकभाई यांनी आयात तुरीच्या अर्जावर लिहिलेला देश खोडला.

सकाळी मी वैशालीताईंबरोबर अमरावतीहून निघालो होतो. त्या आयातदारांना सीमाशुल्काचे कागद तयार करायला शिकवतात. मूर्तिजापूरजवळ एसटी पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत टपरीवर आलूबोंडा खाल्ला. समोर पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उभी होती. नवा नियम ताईंनी तिथेच समजावला. माल कोणत्या देशात पिकला, याचा पुरावा, म्हणजे त्या देशाचे प्रमाणपत्र, आता आयातदाराने स्वतः मिळवून ठेवायचा. देश चुकला तर कंटेनर बंदरात अडकतो.

अकोल्याच्या सभागृहात पंधराएक मिलवाले जमले होते. रफिकभाई पहिल्या रांगेत होते. आजवर ते मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून तूर घेत. या वेळी पहिल्यांदाच कंटेनर स्वतःच्या नावावर मागवला होता. तो शुक्रवारी न्हावाशेवाला लागणार होता आणि मिलमधली तूरही शुक्रवारपर्यंतच पुरणार होती.

अर्जात त्यांनी ‘टांझानिया’ लिहिले होते.

“कशावरून, भाऊ?” ताईंनी विचारले.

रफिकभाईंनी नमुन्याच्या पुडीतला दाणा दाताखाली फोडला. “अरुषा हाय, ताई. वीस वर्सं झाले, चावूनच माल घेऊन राहिलो.”

“दाणा बरोबर असंल. पण कस्टमवाले कागद वाचते, दाणा नाही चावत.”

“दोन दाणे त्याहिले धाडून द्या न, रफिकभाई!” मागून एकजण ओरडला. सगळे हसले.

टांझानियातल्या बंदरातून येणाऱ्या तुरीला अकोल्याच्या बाजारात सरसकट ‘अरुषा’ म्हणतात. भाव दाण्यावर ठरतो. शेत कुठले, हे कोणी विचारत नाही. ताईंनी रफिकभाईंना तिथूनच विक्रेत्याला फोन लावायला सांगितला.

“भाई, खेत किधर का है?”

“खेत मलावी का। टांझानिया से तो सिर्फ जहाज चढ़ा।”

रफिकभाईंनी पेन काढले आणि ‘टांझानिया’ खोडले.

“मलावीचं प्रमाणपत्र कधी येईन?” त्यांनी विचारले.

“शुक्रवारपर्यंत आलं तं बरं,” ताई म्हणाल्या. “पण टांझानियाच लिहून दिलं असतं, तं कंटेनर कधी सुटला असता, मी नसती सांगू शकली.”

निघताना चार मिलवाले आपापल्या फायली घेऊन ताईंभोवती उभे होते. संध्याकाळच्या गाडीने आम्ही अमरावतीला परतलो.

पुढचे मला फोनवर कळले. शनिवारी मिल बंद झाली. मलावीचे प्रमाणपत्र सोमवारी आले. गुरुवारी सकाळी कंटेनर अकोल्यात पोचला आणि अकरा वाजता मिल सुरू झाली.