चीनचं सफरचंद

"मॅडम, आमच्या संत्र्याले तुमी चीनचं सफरचंद म्हणून राहिल्या?"

शेंदूरजनाघाटचे रऊफभाई माझ्या अमरावतीच्या ऑफिसात उभ्याउभ्याच तापले. संत्र्याचा धंदा तीन पिढ्यांचा, पण माल युरोपात पहिल्यांदाच जाणार होता. खोक्यांवरची लेबलं तीन भाषांत करायचं काम माझ्याकडे. प्रूफ त्यांना दाखवायला पाठवलं होतं, त्यातल्या डच शब्दाचा अर्थ त्यांनी मोबाइलवर काढला होता. दुपारी ते प्रेसला जायचं होतं.

मी हसून त्यांना बसवलं. असल्या प्रश्नाची मी वाटच बघत असते. "रऊफभाई, डच लोकांचा शब्दच तसा आहे, सिनासआपल. फळ चीनकडून आलं, म्हणून चीनचं सफरचंद. ग्रीकांकडे त्याला पोर्तुगालचं नाव पडलं, पोर्तोकाली. आणि स्पॅनिश नारांखा तर आपल्या नारंगाचाच वंशज. फारसी, अरबी करत स्पेनला पोचला."

"आमी घरी नारंगीच म्हणतो," ते जरा निवळले. मी आणखी पाच मिनिटं बोलले. वीस वर्षं हेच काम करते, सुरू झाले की आवरत नाही.

त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढलं. अंगठा लावला, साल झटक्यात सुटली. ही त्यांची पद्धतच. सौद्याचं बोलण्याआधी फळ सोलून समोर धरायचं.

"हे नाव ज्या फळाचं हाये, ते तिकडं असं हातानं सोलते का चाकूनं कापते?"

"चाकूनं," मी म्हणाले आणि प्रूफ पुन्हा पुढ्यात ओढलं.

शब्द तिन्ही बरोबर होते. फळ चुकलं होतं. ती नावं घट्ट सालीच्या, आपल्या मोसंबीच्या जातीच्या फळाची. आपलं सैल सालीचं संत्रं तिकडे मँडरिन. लेबलवर एक आणि खोक्यात दुसरं निघालं, की माल बंदरातच अडतो.

रऊफभाईंचा आवाज उतरला. "बागवाल्यांनी माह्या भरवशावर फळ देलं हाये, मॅडम. माल वापस आला तर गावात तोंड दाखवाले जागा नाई."

मला लाज वाटली. ज्या जिल्ह्यात जन्म काढला, तिथलं फळ मी शब्दकोशातून ओळखायला गेले होते.

प्रेसला फोन करून छपाई पुढे ढकलली, तिन्ही शब्द बदलले. माल गेला, उतरला, विकला गेला. रऊफभाईंनी पुढच्या हंगामाचं कामही मलाच दिलं. मँडरिन हा शब्द बहुधा आपल्या 'मंत्री'वरून निघाला, हे मात्र त्या दिवशी सांगायची हिंमत झाली नाही.

आता कुठलंही लेबल घेण्याआधी मी नमुना मागवते. मागच्या आठवड्यात अकोटहून ज्वारीचे पापड आले. आधी तळून खाल्ले, भाषांतर मग केलं.