दिवेलागणीचं दर्शन

गुरवआबांना नुसतं 'लाल' म्हटलेलं चालायचं नाही. कुठलं लाल? पिकल्या तोंडल्याचं की डाळिंबाच्या फुलाचं? चारठाण्यात कुणाच्या घरी लग्नाचा बस्ता आला की बायका साड्यांचे गठ्ठे घेऊन त्यांच्या ओट्यावर यायच्या, आणि महादेवाचा हा पुजारी नवरीच्या शालूवर निकाल द्यायचा. "हे काय पिवळं हाय का बाई? काविळीच्या डोळ्यावानी दिसायलंय. वापस करा." कापडदुकानदार त्यांच्या नावानं बोटं मोडायचे.

आमचं घर देवळाला लागून. आबांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी अर्धी त्यांच्याकडेच वाढले. देऊळ जुनं, दगडी. गाभाऱ्यात भरदुपारीही समई लागते. तिथं बसून ते पिंडीभोवती कण्हेर, शेवंती, धोत्रा असा काही मांडत, की आरतीला आलेली माणसं टाळ्या वाजवायची विसरत. "देव बिचारा जन्माचा अंधारात बसलाय," ते म्हणायचे, "त्याला जरा रंग दावावा."

पूजा तीन चुलत घरांत वाटलेली होती, एकेक महिना एकेका घराकडे. ज्याचा महिना, त्यानं गावाबाहेर मुक्काम करायचा नाही, अशी रीत. इतरांच्या महिन्यात कुणी आजारी पडलं, कुणाकडे लग्न निघालं, की तो महिनाही आबांच्याच गळ्यात. मी चिडायचे. आबा म्हणायचे, "मग काय देवाला बिनपूजेचा ठेवावा?"

मग डोळ्यांचं सुरू झालं. परभणीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जमेल तितकी टिकवायची. त्याच सुमारास मुंबईत नोकरीला असलेल्या माझ्या भावानं फोनवर एक फोटो पाठवला. इंग्रजांच्या काळातलं जुनं कॅथेड्रल, आणि त्यातली रंगीत काचांची उंच खिडकी. आबांनी फोन डोळ्याला जवळजवळ चिकटवला.

"ह्याच्या मागं किती दिवे लावले असतील गं?"

मला तरी कुठं माहीत होतं? मी जिंतूरच्या शाळेत शिकवणारी, चर्चमध्ये कधी पाऊल टाकलेलं नाही.

"असलं निळं म्या बगितलंच न्हाई," आबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना एखाद्या रंगासाठी फूल-फळ काही सापडेना. "माय, नजर जायच्या आत एकदा हे दाव मला."

बेत करायला काय लागतं? आम्ही दोन वर्षं बेतच केला. एकदा तिकीट काढलं आणि एका चुलतभावाचा पाय मोडला, त्याचा महिना आबांकडे. पुढच्या वेळी दुसऱ्याच्या घरी लग्न. मधल्या काळात आबा चहा कपाबाहेर ओतायला लागले. जिना उतरताना त्यांचा हात भिंत शोधायचा. मी रडकुंडीला यायचे, आणि आबा म्हणायचे, "अजून दिसायलंय की."

शेवटी जमलं. एका चुलतभावाच्या महिन्याचे शेवटचे दिवस, पाठोपाठ आबांचा महिना, मध्ये मुंबईचा एकच दिवस. रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी भावाच्या खोलीवर पोचलो. मी म्हटलं, "आबा, आंघोळ उरका, लगेच निघू."

"न्हाई. देवाकडं दिवेलागणीला जावं. दिवे लागल्याबिगर देवाचं खरं रूप दिसत न्हाई."

देवाच्या वेळा आम्ही आबांना शिकवायच्या? दर्शन होईपर्यंत खायचं नाही म्हणून ते दिवसभर उपाशी बसून राहिले. खोलीत लख्ख ऊन येत होतं. संध्याकाळसाठी डोळे जपायचे, म्हणून त्यांनी पडदा ओढून घेतला.

आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आत दिवे लागले होते, प्रार्थना नुकतीच संपलेली. आबांनी चपला पायरीखाली काढल्या, आत येऊन हात जोडले आणि मान वर केली.

खिडकी काळी होती. सगळ्याच खिडक्या काळ्या होत्या.

"कुठं हाय गं?"

"समोरच आहे, आबा."

दिवे मालवायला आलेला माणूस भला होता. "बाहेरून ऊन लागतं, काका, तेव्हा काच उजळते. सकाळी या. रात्री काहीच दिसत नाही."

मी हात जोडले. "आबा, राहू या. एक रात्र."

"उद्यापासून महिना माझा हाय. तो चुलतभाऊ पहाटेच लेकीकडं जायलाय. म्याच व्हय म्हणलोय."

त्या माणसानं एकेक दिवा बंद करत आणला, तरी आबा मान वर करून उभे होते. गाडीत मी पाठ फिरवून रडले. देवाचा राग आला, रीतीचा आला, भोळ्या आबांचाही आला.

त्या महिन्यानंतर नजर झरझर उतरली. पुढच्या श्रावणात त्यांनी पिंडीवर सुकलेली फुलं वाहिली, आणि भावकीनं काही वाईटसाईट न बोलता त्यांचे महिने दोन घरांत वाटून घेतले. आबा काठी टेकत घरी आले, ते घरीच राहिले.

परवा मी गेले, तर ओट्यावर बसले होते. भर दुपार होती, ऊन थेट तोंडावर, आणि त्यांनी डोळेसुद्धा मिटले नव्हते. मी हात धरला. त्यांनी ओळखलं.

"आता कवाबी जाता येतंय बग माय," ते म्हणाले. "बारा महिने मोकळाच हाय मी."